नागासाकी : लांब भूशिराचे गाव

परदेशातील गावांची नावे आपल्यापर्यंत बहुधा इंग्रजीच्या हातून येतात, आणि येता येता थोडी वाकतात. आपण देवनागरीत ‘नागासाकी’ लिहितो तेव्हा चारही अक्षरे दीर्घ करतो. इंग्रज तिसऱ्या अक्षरावर आघात देतो. जपानी माणूस मात्र चारही अक्षरे ऱ्हस्व आणि सारख्या मापाची उच्चारतो. आगगाडी शेवटच्या स्थानकात शिरताना ध्वनिक्षेपकावर ते नाव ऐकले, तेव्हा क्षणभर मला ते ओळखूच आले नाही.

नावाचा अर्थ अगदी साधा आहे. ‘नागा’ म्हणजे लांब आणि ‘साकी’ म्हणजे समुद्रात शिरलेले भूमीचे टोक. त्याच नावाच्या स्थानिक सरदार घराण्यावरून गावाला नाव मिळाले, असेही काही म्हणतात. १५७१ मध्ये या टोकाशी पोर्तुगीज व्यापारासाठी बंदर उघडले आणि १५८० मध्ये ओमुरा सुमितादा या ख्रिस्ती सरदाराने ते येशूसंघाच्या स्वाधीन केले. आज ते लांब भूशिर शोधू जाल तर सापडणे कठीण, कारण भोवतीचा समुद्र भराव घालून मागे हटवला आहे. डच व्यापाऱ्यांना जेथे कोंडून ठेवीत, ते देजिमा बेटही आता चहूबाजूंनी शहरात बुडाले आहे. ‘शिमा’ म्हणजे बेट. जोडशब्दात त्याचे ‘जिमा’ होते, आपल्या संधीसारखेच. इंग्रजी ग्रंथकार मात्र पुष्कळ काळ ‘देशिमा’ लिहीत राहिले, आणि आजचे प्रवासी ‘देजिमा आयलंड’ म्हणून बेटाला दोनदा बेट म्हणतात!

इंग्रजीत या नावाने अनेक रूपे घेतली. त्या काळी जपानी लोक गकाराआधी नाकातून किंचित स्वर काढीत, म्हणून पोर्तुगीजांच्या लेखणीत ‘नांगासाकी’ उतरले. १६१३ ते १६२३ या काळात हिरादो येथे इंग्रज वखारीचा प्रमुख असलेला रिचर्ड कॉक्स आपल्या रोजनिशीत ‘लांगासाक’ लिहितो. पुढे १९२८ मध्ये अमेरिकेत हॅरी वॉरेन याच्या चालीवरचे ‘नागासाकी’ नावाचे एक थट्टेचे नृत्यगीत लोकप्रिय झाले. तोवर इंग्रजी कानाला हे नाव केवळ गमतीचे, दूरदेशीचे वाटत होते.

१९४५ च्या ९ ऑगस्टला, सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी, सारे पालटले. तेव्हापासून इंग्रजीत नागासाकी हे गावाचे नाव कमी आणि घटनेचे नाव अधिक झाले. त्याचे अनेकवचनही करतात. खुद्द जपानी लेखकही बॉम्बच्या संदर्भात ते नाव नेहमीच्या चित्राक्षरांत न लिहिता, परकी शब्दांसाठी वापरायच्या काताकाना लिपीत अनेकदा लिहितात. आपलेच नाव परक्याच्या वेषात लिहावे लागते, याचे मला फार वाईट वाटले.

आणि बॉम्ब त्या लांब भूशिरावर फुटलाच नाही. नेमलेल्या जागेपासून सुमारे तीन किलोमीटर दूर, उराकामीच्या खोऱ्यावर तो फुटला. ‘उरा’ म्हणजे खाडी, ‘कामी’ म्हणजे वरची बाजू. पिढ्यान्‌पिढ्या लपून श्रद्धा जपणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांचे ते खोरे. तेथील सुमारे १२,००० कॅथलिकांपैकी ८,५०० मृत्युमुखी पडले असे सांगतात. त्यांचे महामंदिर कोसळले; १९५९ मध्ये ते पुन्हा उभे राहिले. उराकामी हे नाव आपल्यापैकी कितीजणांनी ऐकले आहे?

स्थानकापासून जवळच निशिझाका टेकडी आहे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथे २६ जणांना क्रुसावर मारण्यात आले. १९६२ मध्ये उभारलेल्या स्मारकात त्यांच्या कांस्यमूर्ती ओळीने उभ्या आहेत, आणि त्यांत आपल्या वसईत जन्मलेले, जपानी उत्तम बोलणारे फ्रान्सिसकन बंधू गोन्सालो गार्सियाही आहेत. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. इंग्रजी संतचरित्रांत त्यांचे जन्मगाव ‘बसीन’ असे आढळते.

मूर्तीपुढे उभा असताना एका वृद्ध जपानी गृहस्थांनी मोडक्या इंग्रजीत मला विचारले, तुम्ही कोठले? मी गोन्सालोंच्या मूर्तीकडे बोट दाखवून म्हटले, यांच्या देशाचा. यांचे गाव वसई. जपानीत वकाराची अडचण. त्यांनी ते नाव तीनदा म्हणून पाहिले : “बासाइ, बासाइ, बासाइ.” पोर्तुगीजही जवळजवळ तसेच म्हणत असत.