बार्डोलीची वाट

नंदुरबारहून सुरतेकडे जाणाऱ्या गाडीनें नवापूर मागें टाकलें कीं डोंगर विरळ होऊं लागतात, आणि व्यारा ओलांडल्यावर दोहों बाजूंस काळी, सपाट जमीन पसरते. आतां तेथें जिकडे तिकडे ऊंस दिसतो. शंभर वर्षांपूर्वीं कापूस होता. गेल्या मार्गशीर्षांत आम्ही या मार्गानें बार्डोलीस गेलों. शाळेंत इतिहास शिकवितांना ज्या गांवाची कथा आम्ही फळ्यावरील चार ओळींत आटोपीत आलों, तें एकदां डोळ्यांनीं पाहावें, एवढाच हेतु. सुरतेस नोकरीस असलेला आमचा पुतण्या स्थानकावर येऊन थांबला होता.

ज्या लोहमार्गानें आम्ही गेलों त्याचाही या कथेशीं संबंध आहे. त्या काळीं बार्डोली हा मुंबई इलाख्यांतील सुरत जिल्ह्याचा तालुका, गांवें १३७. तीस वर्षांची मुदत संपून फेरआकारणी झाली, तेव्हां अधिकाऱ्यानें साऱ्यांत तीस टक्के वाढ सुचविली. कारणें हीं: लोहमार्ग झाला, पक्कीं घरें वाढलीं, दुभतीं जनावरें वाढलीं, कापसाचे भाव चढले. भाव महायुद्धानंतरच्या तेजीचे होते, हें मात्र हिशेबांत आलें नाहीं. १९२७ सालीं सरकारनें वाढ बावीस टक्के ठरविली. दारांत म्हैस आहे, त्याअर्थीं घरांत पैसा असलाच पाहिजे, असा तो न्याय!

ता. १२ फेब्रुवारी १९२८ रोजीं वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखालीं शेतकऱ्यांनीं शपथ घेतली. मागणी मोजकी होती. जुना सारा हाच पूर्ण भरणा म्हणून घ्यावा, नाहीं तर निःपक्ष चौकशी नेमावी. मग जप्त्या सुरू झाल्या, त्यासाठीं पठाण आणले गेले, आणि जप्तींत सांपडे ती तीच म्हैस. जप्तीवाले दिसतांच ढोल वाजत, दारें बंद होत, माणसें व जनावरें एकाच छपराखालीं कोंडून घेत. महिनेमहिने ऊन न लागल्यामुळें म्हशींचा काळा रंग फिका पडला, असें त्या वेळच्या वृत्तांतांत नमूद आहे. पुष्कळ पाटील-तलाठ्यांनीं राजीनामे दिले. ऑगस्टांत तडजोड झाली, आणि ब्रूमफील्ड व मॅक्सवेल या दोघां अधिकाऱ्यांच्या चौकशीनंतर बावीस टक्क्यांची वाढ सुमारे सहांवर आली. वल्लभभाईंस 'सरदार' हें नांव मिळालें तें याच लढ्यांत.

सूर्य पाणी शोषून घेतो तें सहस्रपटीनें परत देण्यासाठीं. राजाचा करही तसाच असावा, ही कालिदासाची कल्पना आम्ही विद्यार्थ्यांस शिकवीत असूं. पाऊस कोठें पडला, असें राज्यकर्त्यांस विचारण्याचें धैर्य मात्र एका दिवसांत येत नाहीं. १८९६ च्या दुष्काळांत लोकमान्यांनीं 'केसरी'तून शेतकऱ्यांस सांगितलें होतें कीं, पीक बुडाल्यास साऱ्याची सूट मागणें हा कायद्यानेंच दिलेला हक्क आहे. १९१८ सालीं खेड्यांत गांधीजींनीं तेंच मागितलें. १९२२ सालीं करबंदीसाठीं बार्डोलीचीच निवड झाली होती. चौरीचौऱ्याच्या प्रकारानंतर ती थांबविली गेली. १९२८ मध्यें मात्र शिस्त शेवटपर्यंत टिकली, आणि पुढें दोनच वर्षांनीं, ६ एप्रिल १९३० रोजीं, याच जिल्ह्यांतील दांडीच्या किनाऱ्यावर मीठ उचललें गेलें. बार्डोलीनें पुन्हां सारा रोखला. कित्येक कुटुंबें शेजारच्या बडोदें राज्यांत निघून गेलीं, जमिनी विकल्या गेल्या. त्या परत मिळाल्या १९३७ नंतर, लोकनियुक्त मंत्रिमंडळ आल्यावर.

स्वराज्य आश्रमांत आतां संग्रहालय आहे. तेथील छायाचित्रें पाहतां पाहतां आम्ही पुतण्यास हें सर्व सांगत होतों. तो मध्येंच म्हणाला, "काका, ही झाली सारा भरणाऱ्यांची गोष्ट. ज्यांच्या नांवें जमीनच नव्हती, त्यांना काय मिळालें?"

प्रश्न सरळ होता. इकडील दुबळा जातीचे मजूर लग्नाकार्यास काढलेल्या कर्जापायीं जमीनदाराच्या घरीं पिढ्यान् पिढ्या राबत. त्यांस 'हाळी' म्हणत. लढ्याचा भार त्यांनींही सोसला, पण सहा टक्के असोत कीं बावीस, त्यांच्या ताटांत फरक पडण्यासारखा नव्हता. आम्हांस हें ठाऊक नव्हतें असें नाहीं. परीक्षेस येत नाहीं म्हणून वर्गांत कधीं सांगितलें नाहीं, हीच खरी गोष्ट आहे. पुतण्यासही आम्ही तेंच कबूल केलें.

त्यामुळें बार्डोलीचें मोल उणें होत नाहीं. राज्याचा हिशेब तपासून पाहण्याचा अधिकार सामान्य माणसास आहे, हें तिनें देशास शिकविलें. पण तोच हिशेब पुढें घरांतला घरांतही मागावा लागतो. परतीच्या गाडींत आम्ही हाच विचार करीत होतों. आतां वर्ग नाहीं. संध्याकाळीं नातवंडें गोष्ट ऐकावयास बसतात. त्यांस बार्डोली सांगतों तेव्हां त्या जुन्या चार ओळींखालीं हाळ्याची पांचवी ओळही सांगतों.