टिटॅनियमची सायकल आणि पसरणीचा घाट

सायकल लोखंडाची असते, काळ्या रंगाची असते आणि तिला वर्षातून एकदा ऑइलिंग करावे लागते, एवढ्या ज्ञानावर आमच्या पुण्यातल्या कित्येक पिढ्यांनी आपला संसार ओढला. सायकलीच्या धातूची चौकशी कोणी केली नाही. नळी पोकळ आहे की भरीव, हेसुद्धा ती मोडल्यावरच कळायचे आणि ती सहसा मोडत नसे. त्यामुळे एखाद्या सायकलीचा सांगाडा टिटॅनियमचा आहे, असे कोणी सांगितले की प्रथम हसू येते आणि मग किंमत ऐकून ते मावळते.

आमच्या शेजारी एक सद्‌गृहस्थ आहेत. सारी सोसायटी त्यांना अण्णा म्हणते. त्यांनी निवृत्तीच्या पैशांतून अशी एक सायकल हौसेने घेतली होती. यंदा डॉक्टरांनी त्यांना घाट बंद केले. "सर, चार दिवस न्या," ते मला म्हणाले. "घाट चढा आणि मग सांगा. पण भिडेखातर घेऊ नका आणि मला बरे वाटावे म्हणून गोडही बोलू नका. ती भिंतीला टेकलेली मला बघवत नाही, एवढेच." त्यांनी सांगितलेली रक्कम आणि घराला रंग देण्यासाठी आम्ही बाजूला काढलेली रक्कम जवळजवळ सारखी निघाली. तेव्हा ही सहल नुसती हौसेची राहिली नाही. तिला परीक्षेचे रूप आले. परीक्षक मी मराठीचा, विषय धातुशास्त्राचा!

निघण्यापूर्वी थोडा अभ्यास केला. १७९१ साली इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात विल्यम ग्रेगर या पाद्र्याला ओढ्यातल्या काळ्या वाळूत एक अपरिचित द्रव्य आढळले. १७९५ साली क्लाप्रोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने त्या धातूला ग्रीक पुराणातल्या टायटन या महाबली कुळाचे नाव दिले. म्हणजे बारसे आधी झाले आणि बाळ मागाहून आले. कारण शुद्ध धातू हाती यायला १९१० साल उजाडावे लागले. पुढे क्रोल नावाच्या लक्झेंबर्गच्या शास्त्रज्ञाने मॅग्नेशियमच्या साहाय्याने तो मोठ्या प्रमाणावर काढण्याची रीत बसवली आणि मग विमानांचे कारखाने त्याच्यामागे लागले. त्याचे वजन पोलादाच्या निम्म्याहून थोडे अधिक. ताठरपणा मात्र पोलादाच्या निम्माच. म्हणून या सायकलीच्या नळ्या जरा जाड घेतात. त्यांत शेकडा तीन भाग अॅल्युमिनियम आणि अडीच भाग व्हॅनेडियम मिसळलेले असते. हे मिश्रण मुळात विमानातल्या तेलाच्या नळ्यांसाठी वापरात आले. अण्णांच्या सायकलीवर रंगाचा थेंब नाही. पावसाळी आभाळासारखा तिचा करडा रंग, तो धातूचा स्वतःचा.

एका पहाटे कात्रजच्या जुन्या घाटाने निघालो. बोगदा ओलांडून खेड शिवापूरला उतरेपर्यंत माझे मत प्रतिकूल झाले होते. एवढ्या कौतुकाची सायकल, पण रस्त्याचा प्रत्येक खडा हाताला वर्दी देत होता! चाकांत शंभर पौंड हवा होती. अण्णांनीच ती तशी भरून दिली होती. शिरवळला चहा घेतला आणि मुद्दाम दोन्ही चाकांची हवा सत्तर पौंडांवर आणली. रस्ता तोच, सांगाडा तोच, मनुष्यही तोच. पण पुढचा प्रवास गालिच्यावरून झाल्यासारखा झाला. टिटॅनियम धक्के पिऊन टाकते असे पुष्कळ ठिकाणी वाचले होते. त्या स्तुतीतला निदान अर्धा वाटा साध्या हवेचा आहे, अशी पहिली नोंद मी मनाशी केली.

खंबाटकी चढून सुरूरहून आत वळलो, तेव्हा वाई जवळ आल्याची खूण वडांच्या सावलीने दिली. वाईत आले की मराठीच्या माणसाची मान आपोआप लवते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचा संसार मांडला तो याच गावात. कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपतीचे दर्शन घेतले आणि उन्हे कलण्यापूर्वी तीन किलोमीटरांवरच्या मेणवलीला गेलो. नाना फडणविसांच्या वाड्यामागे, कृष्णेच्या काठी एक मोठी घंटा टांगली आहे. तिच्यावर १७०७ साल कोरले आहे. मुळात ती चर्चची. १७३९ साली वसई जिंकल्यावर मराठ्यांनी आणलेली. ओतणारे गेले, जिंकणारे गेले, पेशवाई गेली. घंटा तिथेच आहे. धातूची खरी परीक्षा वेगात नसते, टिकण्यात असते, हा विचार तिथे त्या पायऱ्यांवर मनात आला. शेजारी टेकवलेल्या करड्या सायकलीकडे मी प्रथमच जरा आदराने पाहिले.

मुक्काम वाईत केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पसरणीचा घाट धरला. शाहीर साबळे यांचा जन्म याच पसरणी गावचा. गाव मागे पडले की रस्ता वळणे घेऊ लागतो आणि दहा-बारा किलोमीटरांत वाईचा माणूस पाचगणीच्या गारव्यात पोचतो. प्रत्येक वळणावर खाली धोमच्या धरणाचे पाणी थोडे अधिक उलगडत जाते. बसमधून हे पाणी खिडकीत येते आणि जाते. सायकलीवरून ते आपल्याबरोबर राहते, कारण आपण तिथून हलतच नसतो!

चढताना हिशेबाला भरपूर वेळ मिळाला. माझे वजन ७४ किलो, ही सायकल साडेआठ किलो. माझी घरची काळी सायकल वीस किलोंची. म्हणजे एकूण ओझ्यात शेकडा बारा भागांची सूट मिळाली. ती थोडी नाही. पण त्यात टिटॅनियमचा वाटा किती? हा सांगाडा दीड किलोचा. चांगला पोलादी सांगाडा दोन किलोंचा. फरक अर्ध्या किलोचा, म्हणजे पाण्याच्या लहान बाटलीएवढा. मग पसरणीचा घाट मला चढवला कोणी? गिअरने. सर्वांत हलक्या गिअरमध्ये पुढे ३४ दाते आणि मागेही ३४. पायडलचा एक फेरा, चाकाचा एक फेरा. घरच्या सायकलीवर एका फेऱ्याला चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते. तिथेच गुडघे हात जोडतात. दुसरी नोंद झाली: आराम हवेचा, चढण गिअरची.

पाचगणीला सायकल खाली ठेवून टेबललँडवर पायी गेलो. पायाखाली तांबडा जांभा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरांवर थर पसरून हा सह्याद्री झाला. त्या काळ्या कातळात टिटॅनियम आहेच. पावसाने त्यातली सिलिका धुऊन नेली. लोह, अॅल्युमिनियम आणि टिटॅनियम मागे राहिले, त्याचा जांभा झाला. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट सापडते, तेही टिटॅनियमचेच खनिज. केरळात चवरा येथे असल्याच वाळूचे खनिज वापरून टिटॅनियम धातू करण्याचा कारखाना २०११ साली सुरू झाला. म्हणजे परदेशी म्हणून ज्या धातूचा मी दबकून विचार करीत होतो, त्याच्यावरूनच माझे पूर्वज अनवाणी चालत आले होते! दुर्मिळ तो धातू नव्हे. दुर्मिळ आहे ती त्याला ऑक्सिजनच्या मिठीतून सोडवण्याची मेहनत. किंमत पडते ती या मेहनतीची.

उतारावर मात्र सायकलीने आपला गुण दाखवला. वळणावर अंग झुकवले की सांगाडा त्याच रेषेत झुकतो. थरथर नाही, करकर नाही. ब्रेक दाबल्यावर हँडल हातात शांत राहते. जुन्या सायकलीवर पसरणी उतरताना मी देवाचे नाव घेतो. यावेळी आजूबाजूला पाहता आले.

परत आल्यावर अण्णांना सगळे जसेच्या तसे सांगितले. आराम अर्धा हवेचा आहे, घाट गिअर चढवतो, वजनाची बढाई पाण्याच्या बाटलीएवढी आहे. दोषही सांगितला. पोलादी सायकल मोडली तर तालुक्याच्या गावातला कोणताही वेल्डर ती सांधून देईल. टिटॅनियम तापले की हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून ठिसूळ होते, म्हणून त्याला आर्गॉन वायूच्या आडोशाने जोडावे लागते आणि तसा कारागीर सहजासहजी मिळत नाही. अण्णा मान खाली घालून ऐकत होते. मग राहिलेले सांगितले. घाम, पाऊस, कोकणची खारी हवा, यांपैकी कशानेही ही गंजणार नाही. ओरखडा उठला तर घासून काढता येतो. सांधे नीट असतील तर ती माझ्यानंतर माझ्या मुलालाही वाहून नेईल. वेगासाठी हा धातू घेऊ नये; दीर्घ सोबतीसाठी घ्यावा.

"म्हणजे घेणार?" अण्णांनी विचारले.

हा प्रश्न मी घरी नेला. सौभाग्यवतींनी सारे शांतपणे ऐकले. घराच्या पांढऱ्या रंगातही टिटॅनियमचेच भस्म असते, ही माहितीही मी मोठ्या आशेने पुरवली.

"मग एवढेच ठरवायचे ना," त्या म्हणाल्या, "की ते भिंतीला लावायचे की त्याच्यावर बसून फिरायचे? भिंती काय, पुढच्या दिवाळीपर्यंत थांबतील. तुमचे गुडघे थांबतील का?"

यंदा आमच्या घराला रंग नाही. अण्णा मात्र दर रविवारी सकाळी फाटकाशी उभे असतात. आधी दोन्ही चाके अंगठ्याने दाबून पाहतात आणि मगच मला जाऊ देतात.