न्यू ऑर्लिन्सची रस्त्यावरची वाद्यशाळा

जॅझ या संगीताचे नाव आपल्या बहुतेक वाचकांच्या कानावरून गेलेले असेल. या संगीताचा विशेष असा की, त्यात कागदावर लिहिलेले जसेच्या तसे वाजवीत नाहीत. मूळ चाल सर्वांना ठाऊक असते आणि ती धरून वादक जागच्या जागी स्वतःचे काही रचतो. मग जे आधी ठरलेलेच नाही, ते शिकवायचे कसे? हा प्रश्न मनात घेऊन आम्ही गेल्या नोव्हेंबरात अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरी गेलो. पुतण्या नोकरीनिमित्त ह्यूस्टनला असतो. त्याला सोबत घेऊन तेथून बसने हा प्रवास केला.

मिसिसिपी नदीकाठचे हे शहर फ्रेंचांनी १७१८ साली वसविले. येथल्या ट्रेमे वस्तीला लागून काँगो स्क्वेअर नावाचे मैदान आहे. आज तेथे दगडी फरसबंदी आणि ओकची विस्तीर्ण झाडे आहेत. १८१७ च्या नगरपालिकेच्या हुकमानुसार गुलामांना फक्त रविवारी आणि नेमून दिलेल्या जागीच जमता येत असे. ती जागा हीच. येथे ते ढोल वाजवीत, नाचत, छोटा बाजार मांडीत. मोठ्यांनी वाजवायचे आणि लहानांनी पाहता पाहता उचलायचे, हीच तेथली शाळा.

१८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली, पण माणुसकीची वागणूक मिळाली नाही. याच शहरातील होमर प्लेसी यांच्या खटल्यात १८९६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्यांचे वेगळे डबे कायदेशीर ठरविले. विमा कंपन्याही काळ्या माणसाला सहसा दारात उभे करीत नसत. तेव्हा या लोकांनी गल्लोगल्ली परस्पर साहाय्य मंडळे काढली. सभासदाने नियमित वर्गणी भरायची. आजारात औषधपाणी आणि मृत्यूनंतर सन्मानाचा दफनविधी मंडळाने करायचा. आम्ही जन्मभर हिशेबाच्या वह्या लिहिणारे, म्हणून मुद्दाम सांगतो: अंत्ययात्रेच्या बँडचे पैसेही याच वर्गणीतून जात. जॅझ वादकाच्या चुलीला या खात्याचा मोठा आधार होता.

अंत्ययात्रेत जाताना संथ प्रार्थनागीते वाजत आणि परतताना जोशपूर्ण चाली. पुढे बँड आणि घरची मंडळी, मागून चालणारी जनता ती ‘सेकंड लाइन’. त्या मागच्या रांगेत वस्तीतली मुले असत. तेच विद्यार्थी.

आजही ही मंडळे हंगामात रविवारी मिरवणूक काढतात. आम्ही एका मिरवणुकीमागे दोन तास चाललो. मोठ्या ढोलाशेजारी आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा खंजिरी वाजवीत होता. त्याचा ठेका चुकला, तेव्हा ढोलवाल्याने त्याला रागावले नाही की थांबवले नाही. नुसता पाय आपटून ताल दाखविला. मुलाने लगेच सावरून घेतले.

पुढे सावलीत विसाव्याला बसलेल्या एका वृद्ध ट्रॉम्बोनवादकाशी पुतण्याच्या मदतीने बोलता आले. त्यांनी शिकण्याचा क्रम सांगितला. प्रथम चाल तोंडाने गायची. गाता आली नाही तर वाद्य हाती घ्यायचे नाही. मग ती वाद्यावर, बाराही पट्ट्यांत बसवायची. मग जुन्या उस्तादाची ध्वनिमुद्रिका पुन्हा पुन्हा ऐकून त्याचे वादन पाठ करायचे. त्यानंतर दोघांनी समोरासमोर बसायचे. ठरावीक मात्रांचे चार टप्पे एकाने वाजवायचे, पुढच्या चार टप्प्यांत दुसऱ्याने उत्तर द्यायचे. उत्तर द्यायचे तर आधी ऐकावे लागते. ज्याला ऐकता येत नाही त्याला जॅझ येत नाही, असे त्यांचे म्हणणे.

रात्री प्रिझर्वेशन हॉलमध्ये त्याचा प्रत्यय आला. १९६१ पासून चाललेले हे लहानसे, साधे सभागृह आहे. बाके साधी आणि दारूविक्री नाही. ट्रंपेट चाल धरते, क्लॅरिनेट तिच्या वरून नक्षी काढते, ट्रॉम्बोन खालून आधार देते. तिघे एकाच वेळी बोलतात, पण कोणी कोणाचे बोलणे तोडीत नाही.

परंतु केवळ कानावर भागत नाही, हेही नमूद केले पाहिजे. १९०१ साली येथे अत्यंत गरिबीत जन्मलेले लुई आर्मस्ट्राँग यांना अकराव्या वर्षी नववर्षाच्या रात्री हवेत पिस्तूल झाडल्याबद्दल काळ्या मुलांच्या सुधारगृहात धाडले गेले. तेथे पीटर डेव्हिस या शिक्षकांनी त्यांना कॉर्नेट शिकविले. सुटकेनंतर जो ‘किंग’ ऑलिव्हर यांनी त्यांना हाताशी धरले. त्यांच्या घरची किरकोळ कामे करून लुई धडे घेत. पुढे फेट मॅरेबल यांच्या जहाजावरील बँडमध्ये ते स्वरलिपी नीट वाचायला शिकले. कान वस्तीने दिला, अक्षर मात्र मेहनतीने मिळवावे लागले.

ही साखळी एकदा तुटण्याच्या बेतात आली होती. बँजोवादक डॅनी बार्कर १९६५ साली न्यूयॉर्कहून परतले, तेव्हा मिरवणुकीतले वादक म्हातारे झाले होते आणि तरुण दुसऱ्या संगीताकडे वळले होते. १९७० च्या सुमारास बार्कर यांनी फेअरव्ह्यू बॅप्टिस्ट चर्चच्या नावाने मुलांचा बँड उभारला. किशोरवयीन लेरॉय जोन्सच्या घरच्या गॅरेजमध्ये तालमी होत. मोठ्या वादकांच्या युनियनने आक्षेप घेतल्यावर बार्कर बाजूला झाले, पण मुले नाव बदलून वाजवीतच राहिली. पुढे जगभर गाजलेले वायंटन मार्सालिसही लहानपणी या बँडमध्ये होते. वायंटनचे वडील एलिस मार्सालिस यांनी न्यू ऑर्लिन्स सेंटर फॉर क्रिएटिव्ह आर्ट्स या सरकारी कलाशाळेत पिढी घडविली. २०२० साली कोविडने ते गेले.

ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना वादळाने शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. घरे गेली, वाद्ये गेली, माणसे पांगली. तेव्हा ढोलवादक डेरिक टॅब यांनी २००७ साली ‘रूट्स ऑफ म्युझिक’ ही संस्था स्थापली. शाळा सुटल्यावर मुलांना आणण्यासाठी बस, हाती वाद्य, पोटाला जेवण आणि शाळेच्या अभ्यासाची शिकवणी, हे सर्व विनामूल्य. बिगूल आधी की पाटी आधी, असा वाद त्यांनी घातलाच नाही.

आमच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले ते असे. तेथला वादक जे शिकला त्याची फी गुरूला देत नाही, मागून येणाऱ्या मुलाला देतो. वाचकहो, आपल्या वस्तीतही कोणी चांगले गाते, कोणी वाजविते, कोणी गणितात हुशार असते. आठवड्यातून एक संध्याकाळ दोन मुलांना शेजारी बसवून घेणे त्यांना जमणार नाही काय?