सुटली का?

दोन वर्षांमागच्या जुलैत पावसात माझी मोटरसायकल घसरली आणि डाव्या पायाची नळी मोडली. दोष माझाच. मागचा टायर गुळगुळीत झाला होता आणि मी 'या आठवड्याला बदलू, पुढच्या आठवड्याला बदलू' करत बसलो होतो. मांडीपासून बोटांपर्यंत प्लास्टर. सहा आठवडे हलायचं नाही. हाड आपलं आपण जुळणार होतं. अडलं ते पँटीपाशी. बायकोनं एका जुन्या पँटीची डावी शिवण वरपर्यंत उसवली. प्लास्टर त्यातनं गेलं खरं, पण ती चढवायला दोन माणसं लागायची आणि उतरवायला तीन. चौथ्या दिवशी ती वैतागून म्हणाली, "अहो, लुंगी नेसा की सरळ."

मी कधीच नेसली नव्हती. आमच्या बाबांची पिढी कामावरनं आली की आधी लुंगी, मग चहा. आम्ही बर्म्युडावाले. शिवाय २०१३ मध्ये तो शाहरुखचा चित्रपट आल्यापासून गल्लीत कुणी लुंगीवर दिसला की पोरं 'लुंगी डान्स' ओरडायचीच.

मजा अशी की माझं सगळं आयुष्य कापडात गेलंय. मी कबनूरला एका कारखान्यात घडीखात्यात आहे. मागावरनं उतरलेलं कापड टेबलावर ओढायचं, तुटलेला धागा, तेलाचा डाग, दुहेरी पीक हुडकायचं, मीटर मोजून घड्या घालायच्या. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपड्यांचा त्यांना पाठिंबा होता. ती खटखट पसरत पसरत आमच्यापर्यंत आली, आणि आता इचलकरंजी कुठं संपते नि कबनूर कुठं सुरू होतं हे कानाला तरी कळत नाही. अशा गावात बायको बाजारातनं लुंगी घेऊन आली, तिच्यावर चिकटवलेला कागद बघितला, तर माल तमिळनाडूचा!

मी चिडलोच. पण पडल्या पडल्या विचार केला तर कारण साधं होतं. आमचे बहुतेक साधे माग एका धोट्याचे. पांढरं सूत जातं, पांढरं कापड येतं. ते ग्रे कापड पुढं पाली-बालोत्र्याला रंगायला जातं. लुंगीला चौकडा लागतो. चौकड्यासाठी सूत आधी रंगवायचं, ताण्यात रंगांचे पट्टे लावायचे आणि बाण्यालाही तेवढेच रंग द्यायचे. म्हणजे एका मागावर दोन-तीन धोटे, आणि पाळी येईल तसा नेमका धोटा समोर आणणारी वरखाली होणारी पेटी. ते काम कुरिंजीपाडी, गुडियात्तम या गावांनी पकडलं आणि धरून ठेवलं.

माझ्या शर्टाच्या खिशात धागे मोजायचं भिंग कायम असतं. दुसरा काही उद्योग नव्हता, म्हणून मांडीवरच भिंग टेकवून धागे मोजायला लागलो. निळ्या चौकटीवरनं हिरवीवर जाताना घोटाळा व्हायचा, पुन्हा पहिल्यापासून. मोजता मोजता लक्षात आलं की मी उलटं मोजतोय. मागावर ताणा उभा, बाणा आडवा. लुंगी कापताना दोन मीटर लांबी ताण्याच्या दिशेनं घेतात आणि तीच लांबी कमरेभोवती फिरते. म्हणजे अंगावर ताणा आडवा पडतो आणि बाणा वरनं खाली येतो. कापडाच्या दोन्ही किनारी एक कमरेला, एक घोट्याशी. म्हणूनच लुंगीला खालून पट्टी मारावी लागत नाही. किनार मागावरच बांधून आलेली असते. वीस वर्षं घड्या घातल्या, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

ज्ञान झालं, नेसणं काही जमेना. आमच्या हिनं आणलेली लुंगी बिनशिवणीची, नुसता कापलेला तुकडा. मी ती टॉवेलासारखी गुंडाळली आणि टोक खोचलं. अंथरुणावर ठीक होतं. मग एके सकाळी गॅसवाला आला. घरात कुणी नव्हतं. दोन्ही काखांत कुबड्या घेऊन मी दारापर्यंत गेलो आणि उंबऱ्यात पोटापाशी काहीतरी सैल झालं. धरायला हातच मोकळा नाही! कुबडी सोडली तर मी पडतो, नाही सोडली तर लुंगी. मी पडलो नाही. गॅसवाल्यानं सिलिंडर खाली ठेवला, शांतपणे पाठ फिरवली आणि समोरच्या विजेच्या खांबाकडं बघत म्हणाला, "सावकाश हं, दादा."

दुपारी ही गोष्ट चाचांपर्यंत गेली. चाचा आमच्या शेजारचे, चाळीस वर्षं जॉबर होते. मागाचा कुठला भाग कुठं खातोय हे आवाजावरनं सांगणारा माणूस. आले, लुंगीचं टोक बोटांत चोळून बघितलं आणि आधी मलाच झापलं.

"आरं, शिवून घे की तिला! न शिवलेली लुंगी म्हणजे दाराला कडी नाही."

हिनं मशिनीवर दोन टोकं जोडून दिली. आता ती एक नळी झाली. चाचांनी मला पलंगाच्या कडेला उभं केलं, कुबड्या काढून घेतल्या आणि कपाटाला टेकवलं.

"डोक्यावरनं घे, पायातनं नको. प्लास्टर अडकंल. आता पाठीला चप्प बसव. सगळा फुगा उजव्या अंगाला ओढ. तो पोटावरनं डावीकडं आण. सपाट आण, चुण्या नकोत. आता पोट आत घे."

"का?"

"आधी घे."

मी श्वास सोडून पोट आत ओढलं. त्यांनी वरची किनार दोन बोटांनी धरून बाहेरच्या बाजूला एक वळसा दिला, मग दुसरा, आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबून बसवला. "सोड पोट." पोट सोडलं तशी लुंगी आपली आपण आवळली. गाठ नाही, नाडी नाही, बटण नाही. पोट कापडाला दाबतंय आणि कापड पोटाला. ताणा आडवा असल्यानं सगळी ओढ त्या लांब धाग्यांवर येते. हे मी मनातल्या मनात म्हटलं, चाचांना सांगायची गरज नव्हती.

मग मी रोज सराव केला. चाचांनी समोर चोच काढून खोचायची तऱ्हाही दाखवली, पण ती मला जमली नाही. मोबाइलवर बघितलं तर ब्रह्मदेशात पुरुष अशीच पुढं गाठ मारतात, बायका मात्र कडेला खोचतात. मलेशियात अशाच चौकड्याच्या कापडाला 'काइन पेलेकात' म्हणतात, ते नाव चेन्नईजवळच्या पुलिकत बंदरावरनं पडलं. सतराव्या शतकात डच तिथनं कापड जहाजांत भरून पूर्वेला पाठवायचे. म्हणजे तमिळनाडूनं लुंगी नुसती आमच्याच गावाला विकली नाही, याचं मला उगाच बरं वाटलं.

अर्ध्यात दुमडून गुडघ्यावर घ्यायलाही शिकलो. प्लास्टरच्या आत खाज सुटली की वारा घ्यायला फार सोयीचं. एकदा सासरे बघायला आले, तेव्हा मी तशाच अवतारात पलंगावर. हिनं आतनं डोळे वटारले आणि मी घाईनं दुमड सोडली. केरळातही वडीलधाऱ्यांसमोर मुंडू असाच खाली सोडतात म्हणे.

एकदा मी चाचांना विचारलं, "कारखान्यातपण तुम्ही लुंगीच नेसायचा काय?"

"खुळा का काय?" ते एकदम गंभीर झाले. जुन्या शेडमध्ये छताखालनं एकच लांब दांडा फिरायचा आणि त्यावरनं प्रत्येक मागाला चामड्याचा पट्टा यायचा. सैल शेव पट्ट्यात सापडला की माणूस ओढला जायचा. म्हणून आत हाफ पँट, आणि लुंगी दाराजवळच्या खिळ्याला. पाळी संपली की आधी हातपाय धुवायचे, मग लुंगी. "ती नेसली की मालकाचा माणूसपण हाक मारायचा नाही," चाचा म्हणाले आणि हसले.

सहा आठवड्यांनी प्लास्टर कापलं. आतला पाय दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. पुढं पंधरा दिवसांनी कामावर गेलो, पँट घालून, पट्टा आवळून. कारखान्याला तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीशी थांबलो आणि माझा उजवा हात आपोआप मांडीपाशी गेला. दोन बोटांनी पँटीचं कापड चिमटीत धरलं, वर उचललं, मगच पाय टाकला.

चाचा समोरच्या टपरीवर चहा पीत होते. तिथनंच ओरडले, "काय रं, सुटली का?"