डायब्लो, दादा आणि लोडशेडिंग

'डायब्लो २' आला २००० साली. जालन्यात आम्ही दोघं भाऊ एकाच पीसीवर आलटून-पालटून खेळायचो. काय धम्माल, बॉस! नव्या कॅरेक्टरला नकाशा नवा, मेलेल्या राक्षसाकडून काय पडेल याची धाकधूक. पण उणिवाही होत्याच. ६४० बाय ४८०चं चित्र, इवलीशी झोळी आणि सेव्ह करून बाहेर पडलं की मारलेले राक्षस पुन्हा हजर! लोडशेडिंगच्या गावात हे जिव्हारी लागायचं. शिवाय एकदा दिलेला स्किल पॉइंट परत नाही; ती सोय आली २०१०च्या पॅचमध्ये.

दादा जालन्यात स्टीलच्या धंद्यात, मी पुण्यात आयटीत. आमचे पॉइंट्स केव्हाच वाटून झालेत. म्हणून २०२१ची चकचकीत 'रिसरेक्टेड' आवृत्ती आम्ही रविवारी ऑनलाइन खेळतो. तेवढा तासभर तरी दोघं एकाच गावात असतो.