उसनी आसवे

पापणी मिटणे आणि उघडणे ही काही विचार करण्याजोगी गोष्ट आहे, असे आम्हांला वयाच्या तिशीपर्यंत कधी वाटले नव्हते. डोळ्यांत पाणी असते ते असतेच. त्याचा जमाखर्च कोण ठेवतो? पण तिशी उलटली आणि कुणी मिरामारच्या किनाऱ्यावरची चिमूटभर वाळू डोळ्यांत टाकावी तसे आम्हांला खुपू लागले. दिव्याकडे पाहवेना, वर्गातला पंखा शत्रूसारखा वाटू लागला, आणि उत्तरपत्रिकांवरील अक्षरे पाच ओळींनंतर धुक्यात शिरू लागली. डोळे सदोदित लाल. याचा एक लाभ मात्र झाला. सर नित्य रागावलेले असतात अशी समजूत होऊन इयत्ता नववीत अपूर्व शांतता नांदू लागली!

नेत्रवैद्यांनी टिपकागदाची एक अरुंद पट्टी आमच्या खालच्या पापणीत अडकवली आणि पाच मिनिटे डोळे मिटून बसायला सांगितले. शिर्मर नावाच्या जर्मन वैद्याने १९०३ साली सुचविलेली ही साधी परीक्षा. निरोगी डोळ्यात ती पट्टी सामान्यतः दहा मिलिमीटरहून अधिक भिजते. पाचाच्या आत राहिली तर कोरडेपणा गंभीर समजावा. आमची भिजली दोन मिलिमीटर. ज्या गोमंतकात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस कोसळतो, तेथे आमच्या वाट्याला दोन!

विद्यार्थी मित्रहो, अश्रू केवळ रडण्यासाठी असतात असे तुम्ही समजत असाल, तर आम्हीही तसेच समजत होतो. बुबुळावर जो काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, त्या पारपटलात एकही रक्तवाहिनी नसते. असती तर आपल्याला स्वच्छ दिसलेच नसते. त्याला लागणारा प्राणवायू बाहेरच्या हवेतून, अश्रूंच्या पातळ थरातून मिळतो. त्या थरात तेल, पाणी आणि चिकट श्लेष्मा यांचा मिलाफ असतो, आणि पापणी प्रत्येक मिटण्यासरशी तो नव्याने सारवते. हे सारवण थांबले की पृष्ठभागाला इजा होऊ लागते. वैद्यांनी डोळ्यात रंग घालून निळ्या प्रकाशात पाहिले, तेव्हा आमच्या पारपटलावर हिरवे ठिपके चमकत होते. दुखावलेला प्रत्येक कण तेथे आपली साक्ष देत होता.

उपचारांना आरंभ झाला. थेंब आले, ते दर अर्ध्या तासाने घालू लागलो. अश्रू वाहून जाण्याच्या छिद्रांना सूक्ष्म बुचे बसवून झाली. आमच्याच रक्तातील द्रव वेगळा काढून त्याचेही थेंब झाले. कडांनी बंद असलेला एक चष्माही आम्ही वापरून पाहिला. तो घालून वर्गात शिरताच मागच्या बाकावरून कुणीतरी मोटारसायकलीचा आवाज काढला. ह्या सर्वांनी थोडाथोडा आराम पडला, पण वाचन काही परत आले नाही. अध्यापन सोडून दुसरे काही करावे काय, हा विचार रात्री झोपू देईना.

त्याच वर्षी आमचे वडील वारले. अंगणात माणसे जमली. आम्ही थोरले चिरंजीव, म्हणून सगळ्यांच्या दृष्टी आमच्याकडे. आतून काळीज पिळवटत होते, पण डोळ्यांतून एक थेंब येईना. केवळ आग होत राहिली. "शिकलेल्यांचे काळीज असेच," असे कुणी कुजबुजलेले आम्ही ऐकले. आईने जवळ येऊन खांद्यावर हात ठेवला आणि आमच्या कोंकणीत म्हणाली, "रड रे पुता, मन हळू जातलें." कोंकणीत अश्रूंना 'दुकां' म्हणतात. आमच्यापाशी दुःख होते, दुकां नव्हती.

पुढे वैद्यांनी 'स्क्लेरल लेन्स'चा पर्याय मांडला. ही लेन्स सुमारे सतरा मिलिमीटर रुंदीची. २०११ साली चलनातून गेलेले पंचवीस पैशांचे नाणे आठवत असेल, त्याहून किंचित लहान. एवढी वाटी डोळ्यात घालून घ्यायची? आमचे एक सहाध्यापक म्हणाले, "अहो, डोळ्यात कुसळ गेले तर माणूस नाचतो, तुम्ही बशी घालायला निघालात!" शिवाय दोन डोळ्यांचा खर्च म्हणजे आमचा दोन महिन्यांचा पगार.

पण यातील युक्ती समजली तेव्हा भीती ओसरली. साधी मऊ लेन्स पारपटलावर टेकते आणि डोळ्यातल्याच ओलाव्यावर जगते. कोरड्या डोळ्याला ती बहुधा सोसत नाही. ही मात्र पारपटलाला स्पर्शच करीत नाही. ती कमानीसारखी त्याच्यावरून जाते आणि बाजूच्या पांढऱ्या भागावर टेकते. त्या पांढऱ्या भागाला स्पर्शाची जाणीव फार कमी. मधल्या पोकळीत शुद्ध मिठाचे पाणी भरलेले असते. ती पोकळी मिलिमीटरच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढीच. पण तेवढ्या तळ्यात पारपटल दिवसभर बुडून राहते.

शिक्षकाची खोड म्हणून आम्ही इतिहासही चाळला. जर्मनीत वीस्बाडेन येथे काचेचे कृत्रिम डोळे घडविणाऱ्या म्युलर घराण्याने १८८७ साली, पापणी गमावलेल्या एका रुग्णाच्या उघड्या डोळ्यासाठी काचेची पातळ वाटी करून दिली होती. पुढच्याच वर्षी झुरिकच्या फिक नावाच्या वैद्याने अशी भिंगे प्रथम सशांच्या आणि मग स्वतःच्या डोळ्यांत घालून पाहिल्याचे प्रसिद्ध केले. काचेतून प्राणवायू जात नसे, म्हणून ती फार वेळ सोसत नसत. आजची लेन्स प्राणवायू आरपार जाऊ देणाऱ्या द्रव्याची असते.

तरीही आमचा निर्णय इतिहासाने केला नाही. तो वैद्यांच्या एका वाक्याने केला. ते म्हणाले, "ह्याने तुमचा रोग बरा होणार नाही. तुमचे अश्रू परत येणार नाहीत. डोळा मात्र ओला राहील." आजवर पुष्कळांनी आम्हांला पुष्कळ आश्वासने दिली होती. काय होणार नाही, हे प्रथम सांगणारा माणूस हाच. चाचणीची लेन्स बसवून त्यांनी आम्हांला काही तास तेथेच थांबवून ठेवले, कारण ती हळूहळू आत रुतते आणि मगच खरे माप कळते. आम्ही बाकावर बसून भिंतीवरचे दिनदर्शिकेचे पान वाचले; तिथी, नक्षत्र, खालची बारीक जाहिरातसुद्धा. पंखा डोक्यावर फिरत होता आणि डोळ्यांना त्याची खबर नव्हती. आईने पाटल्या पुढे केल्या; त्या परत तिच्या हातात घालून आम्ही शिक्षकांच्या पतपेढीचे कर्ज काढले.

ही लेन्स बसविणे म्हणजे एक नित्यकर्मच आहे. हात धुऊन कोरडे करावेत, छोट्या रबरी दट्ट्यावर लेन्स ठेवावी, ती काठोकाठ भरावी, मान जमिनीशी समांतर वाकवावी आणि पाणी न सांडता वाटी डोळ्याला भिडवावी. आत हवेचा बुडबुडा राहिला तर पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या दिवशी अकरा प्रयत्न झाले आणि बनियन भिजला. काढताना दट्ट्या कडेला लावायचा. मधोमध लावून ओढले तर ती डोळ्याला अधिकच घट्ट धरते. लेन्स घालून झोपायचे नाही. नळाचे वा विहिरीचे पाणी तिला लावायचे नाही, कारण त्यातील सूक्ष्म जीव डोळा गमावण्याची पाळी आणू शकतात. आमच्या विहिरीच्या पाण्याला नावे ठेवलेली आईला रुचली नाहीत. त्या पाण्यावर तीन पिढ्या वाढल्या, असे तिने सुनावले. दुपारी कधीकधी आतले पाणी गढुळते; मग पाचव्या तासाला शिक्षकदालनात जाऊन ते बदलून यावे लागते. डोळ्यांची लाली ओसरली आणि नववीतली शांतता गेली. परंतु वह्या आम्ही स्वतः तपासतो.

वडिलांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी संध्याकाळी, पाहुणे गेल्यावर, खिडकीशी उभे राहून आम्ही लेन्स काढीत होतो. कड सुटली आणि आतले पाणी गालावरून ओघळले. दारात आई उभी होती. ती पुढे आली, पदराने तिने आमचा गाल पुसला, आणि कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा निवळलेला दिसला.

ते बाटलीतले मिठाचे पाणी आहे, हे तिला सांगणे सत्याला धरून झाले असते. आम्ही दुसऱ्या डोळ्यातली लेन्सही तिच्यासमोरच काढली.