तोरणाखालची झाडाझडती

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी यवतमाळ जिल्ह्यातल्या गावांत बैलांचे खांदे शेकतात. जू वाहून राठ झालेल्या त्या जागेवर हळद-तूप चोळायचे आणि उद्या जेवायला या, असे आवतण द्यायचे. दुसऱ्या दिवशी, श्रावण अमावास्येला, पराणी खुंटीला. बैलावर डाफरायचे नाही, त्याला टोचायचे नाही. वर्षभर ज्याच्या पाठीवर सगळ्यांचा राग निघतो, त्याची आज सुटका असते.

त्या दिवशी बोलणी खातात ती माणसे.

आखरावर तोरण बांधलेले. झुली, घुंगरू, बेगड लावलेली शिंगे, रांगेत उभ्या जोड्या. एक जण पुढे होतो, यमकात बांधलेल्या ओळी ठणकावून म्हणतो, शेवटी महादेवाचा गजर होतो आणि वाजंत्री कडाडते. ही झडती. वाजंत्री थांबते न थांबते तोच समोरून दुसरी येते. मारा कुणावर? सावकारावर, व्यापाऱ्यावर, पुढाऱ्यावर, सरकारवर, गावातल्या चिकट मालकावर. एरवी मान खाली घालून ऐकणारा सालदार त्या घटकेला भर गावात मालकाला सुनावू शकतो. लोककलेने त्याला दिलेला हा हक्क फार मोलाचा आहे.

गावाने कुणाला तरी सुनावण्याच्या रीती जगभर होत्या. इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थ याने १७२६ साली छापलेल्या ‘ह्युडिब्रास’च्या चित्रमालेत अशी एक मिरवणूक आहे. बायकोचा मार खाणाऱ्या नवऱ्याला घोड्यावर उलटे बसवले आहे आणि भोवती गाव गलका करते आहे. चित्रातली गर्दी जिवंत आहे. पण तिथे अख्खे गाव तुटून पडते ते एका घरावर. झडतीचा रोख वरच्या पायरीकडे असतो.

नागपुरात हाच राग आकार घेतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बांबू-कागदाच्या मारबती, म्हणजे भले मोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. सोबतचे बडगे नावाचे पुतळे दरवर्षी नवे: महागाई, भ्रष्टाचार, चालू वर्षाची जी पीडा असेल ती. मिरवून झाले की जाळायचे. झडतीचा मात्र पुतळाही नसतो. ती तोंडातून निघते आणि ज्याला लागायची त्याला लागते.

यवतमाळ जिल्ह्याच्याच महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्याने १९ मार्च १९८६ रोजी बायको-मुलांसह मरण पत्करले. अशा जिल्ह्यात कापसाच्या भावावरची झडती निव्वळ करमणूक म्हणून ऐकता येत नाही. हसू फुटते, आणि पुढच्याच ओळीला गर्दीतल्या म्हाताऱ्यांचे चेहरे बदलतात.

आता ट्रॅक्टर आले, जोड्या कमी झाल्या, तोरणाखालची रांग आखूड झाली. तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी बैल सजवून आणतात, सजावटीला बक्षिसे मिळतात. त्याच मांडवात एखादे बक्षीस झडतीलाही ठेवावे, आणि तेही मुलांनी स्वतः रचलेल्या झडतीला. कुणाला सुनवायचे, हे त्यांचे त्यांना ठरवू द्यावे.